जुन्या कर्जदारानेच जास्त व्याज का भरावे?

घरासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते दहा वर्षे न चुकता भरणारा मनुष्य हा बँकेच्या दृष्टीने उत्तम ऋणको होय. त्याची पत सिद्ध झालेली असते, मुद्दल उतरलेले असते, घराची किंमत बहुधा वाढलेली असते. म्हणजे बँकेचा धोका वर्षागणिक घटत गेलेला असतो. धोका घटला तर व्याजही घटावे, हा व्यवहाराचा साधा न्याय. प्रत्यक्षात पुष्कळदा याच्या उलट घडते. त्याच इमारतीत गेल्या महिन्यात बिऱ्हाड थाटणाऱ्या नवख्या शेजाऱ्याला, पगार तेवढाच असूनही, तीच बँक कमी दराने कर्ज देते आणि जुना ऋणको वरच्या दराने हप्ते मोजीत राहतो. त्याला कोणी फसविलेले नसते. त्याने सही केलेल्या कागदांत सारे काही लिहिलेले असते. फक्त शेजाऱ्याचा दर त्याला कोणी सांगितलेला नसतो.

हा फरक किरकोळ आहे असे ज्यांना वाटते त्यांनी कागद-पेन्सिल घेऊन बसावे. तीस लाख रुपये मुद्दल बाकी आहे आणि पंधरा वर्षे उरली आहेत असे धरा. दरसाल दर शेकडा ९ या दराने मासिक हप्ता सुमारे ३०,४२८ रुपये होतो. ८ या दराने तो २८,६७० रुपयांच्या आसपास येतो. एका टक्क्याने महिन्याला साडेसतराशे रुपये आणि पंधरा वर्षांत तीन लाख सोळा हजारांहून अधिक रक्कम जाते. हप्ता पूर्वीचाच ठेवून दर तेवढा खाली आणला, तर कर्ज दीड वर्षाहून अधिक काळ आधी फिटते. दीड वर्षाचे हप्ते म्हणजे मध्यमवर्गीय कुटुंबात मुलाचे शिक्षण, नाहीतर निवृत्तीच्या वेळची थोडी निश्चिंती!

ही विषमता आजची नाही. व्याजदराचा मापदंड आपल्याकडे वारंवार बदलत आला आहे. २००३ साली बीपीएलआर आला. त्याच्या खालच्याच दराने बँका बहुतेक कर्जे देऊ लागल्याने तो नावापुरता उरला. १ जुलै २०१० पासून बेस रेट, १ एप्रिल २०१६ पासून एमसीएलआर आणि १ ऑक्टोबर २०१९ पासून रेपो दरासारखा बँकेबाहेरचा मापदंड असा हा क्रम आहे. प्रत्येक वेळी नवा ऋणको नव्या मापदंडाखाली आला आणि जुन्यांपैकी ज्यांनी मागणी केली नाही ते जुन्याच मापाखाली राहिले. डॉ. जनक राज यांच्या अध्यक्षतेखालील रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासगटाने २०१७ साली आपल्या अहवालात दाखवून दिले की, बँकांनी स्वतः ठरविलेले हे अंतर्गत दर मनमानीला वाव देतात आणि धोरणदर उतरल्याचा लाभ ऋणकोपर्यंत पुरता पोहोचत नाही. बाहेरचा मापदंड आला तो त्यानंतर.

दर चढताना मात्र ही दिरंगाई कधी दिसली नाही. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५० टक्क्यांवर गेला. तेव्हा अनेक ऋणकोंचा हप्ता तेवढाच राहिला, पण मुदत निमूटपणे लांबली, आणि निवृत्तीनंतरही हप्ते चालू राहणार हे कित्येकांना फार उशिरा कळले. त्याविषयीच्या तक्रारी इतक्या वाढल्या की, ऋणकोला न सांगता मुदत वाढवू नये, असे १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने बजावावे लागले.

बाहेरचा मापदंड आल्याने सारे प्रश्न सुटले, असा समज असेल तर तोही खरा नाही. २०२५ च्या फेब्रुवारीपासून डिसेंबरपर्यंत रेपो दर ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आला आणि रेपोशी जोडलेल्या कर्जांचे दर त्यामागून उतरले, हे मान्य केले पाहिजे. परंतु रेपो दरावर बँक जी भर घालते, जिला बँकेच्या भाषेत ‘स्प्रेड’ म्हणतात, ती नव्या कर्जासाठी किती असावी हे बँकेच्या मर्जीवर आहे. जुन्या कर्जाची भर मात्र ज्या दिवशी सही झाली त्या दिवसाला खिळलेली. कधी बाजार फिरला की नव्याची भर जुन्यापेक्षा जास्तही असते. तेव्हा जुन्या ऋणकोला काही मागायचेच नसते. प्रश्न उरलेल्या वेळेचा आहे. तीन वर्षे होण्यापूर्वीही बँकेला ही भर कमी करता यावी, अशी सवलत रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२५ पासून दिली. उद्देश काय, तर ग्राहक टिकविणे! म्हणजे जो सोडून जाण्याची भाषा करील त्याला सूट, आणि जो विश्वासाने राहिला आहे त्याला काहीच नाही. बँकेला कमी करता येईल असे नियम म्हणतो. तिने केलेच पाहिजे असे म्हणत नाही.

बँकांचे म्हणणे असे की, ठेवी महाग दराने घेतलेल्या असतात आणि ठेवीदारांत निवृत्त माणसेही आहेत. मुद्दा रास्त आहे; आमच्या वाचकांपैकी पुष्कळजण एका खात्यावर ठेवीदार आणि दुसऱ्यावर ऋणको असतील. पण त्याच महाग ठेवींतून नव्या शेजाऱ्याला स्वस्त कर्ज दिले जाते, त्याचे काय? तिजोरीतील नोटेवर ती जुन्या ऋणकोसाठी की नव्यासाठी, असे काही लिहिलेले नसते. नव्याला दिलेल्या सवलतीची भरपाई जुन्याच्या मौनातून होते, असाच याचा अर्थ आम्ही करतो.

१८७५ साली सुपे येथून सुरू होऊन पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलेल्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले. त्यानंतर १८७९ साली झालेल्या दख्खनच्या शेतकरी साहाय्य कायद्याने ऋणकोला पावती, हिशेबाचा उतारा आणि पासबुक मागण्याचा हक्क दिला. आजची बँक म्हणजे तेव्हाचा सावकार नव्हे, आणि तशी तुलना करणे अन्यायाचे होईल. परंतु आकडे ऋणकोच्या हातात असले पाहिजेत, हे तत्त्व त्या कायद्याइतके जुने आहे. २०२३ च्या परिपत्रकानुसार दर तिमाहीला मुद्दल किती फिटले, व्याज किती गेले, हप्ते किती उरले आणि दर काय, हे सांगणारे विवरण ऋणकोला मिळावयास हवे. आमची मागणी त्यात एका ओळीची आहे: तेवढ्याच रकमेचे, मुदतीचे आणि पतीचे कर्ज आज नव्याने काढणाऱ्याला ही बँक काय दर लावते, तो आकडा. गृहवित्त कंपन्यांनाही हे बंधन लागू व्हावे. त्यांच्यावर बाहेरच्या मापदंडाची सक्ती नाही, म्हणून तेथे तर त्याची गरज अधिकच आहे.

ती ओळ येईपर्यंत ऋणकोने स्वतः शाखेत जाऊन तो आकडा लेखी मागावा. ज्याचे कर्ज अजून बेस रेट वा एमसीएलआरवर आहे, त्याला बाहेरच्या मापदंडाकडे येताना वाजवी कार्यालयीन आणि कायदेशीर खर्चापलीकडे शुल्क लावता येत नाही, असे रिझर्व्ह बँकेचे २०१९ चे परिपत्रक सांगते. पत्रात त्याचा उल्लेख अवश्य करावा. बँकेने दाद दिली नाही तर कर्ज दुसरीकडे नेता येते. बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड बँकांना २०१२ पासून घेता येत नाही, आणि पूर्ण फेड झाल्यावर घराची मूळ कागदपत्रे तीस दिवसांत परत न देणाऱ्या बँकेला, दोष तिचा असल्यास, १ डिसेंबर २०२३ पासून दिवसाला पाच हजार रुपये भरपाई द्यावी लागते. मात्र नव्या बँकेचे प्रक्रिया शुल्क, वकिलाची फी आणि मुद्रांक शुल्क यांची बेरीज आधी करावी. मुदत थोडीच उरली असेल तर जागा न सोडता आपल्याच बँकेशी घासाघीस करणे बहुधा स्वस्त पडते. दर उतरला म्हणजे हप्ता कमी करून घेण्याऐवजी, झेपत असेल तर, हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावयास सांगावे, आणि नवे वेळापत्रक शाखेच्या शिक्क्यासह घरी आणावे.