आईबापांची गुणपत्रिका

मंडळी, शीर्षक वाचून हा मराठी शाळेचा वार्षिक अहवाल असेल असं समजू नका. हे भांडण टीव्हीशी आहे, आणि थोडं स्वतःशीही.

नोव्हेंबर २०२१ मध्ये चॅनेल नाइनवर 'पेरेंटल गाइडन्स' सुरू झालं. पहिल्या पर्वात दहा जोडपी. प्रत्येकाच्या गळ्यात एक पाटी: कुणी कडक, कुणी 'टायगर', कुणी मुलांना मोकळं सोडणारे, कुणी फ्रेंच पद्धतीचे. मुलांना कसोट्या द्यायच्या, बाकीच्या पालकांनी स्टुडिओत बसून त्या बघायच्या, एकमेकांची उणीदुणी काढायची आणि शेवटी सर्वोत्तम शैली निवडायची. आम्ही चवीने बघायचो. सोफ्यावर बसून मार्क वाटण्यात मीच पुढे!

पण मी आयटीत सल्लागार आहे. दोन सॉफ्टवेअरची तुलना करायची तर दोन्हींना तोच डेटा आणि त्याच अटी द्याव्या लागतात. इथे तर प्रत्येक घरातलं मूलच वेगळं. अनोळखी माणसाबरोबर मुलं जातात का, हे छुप्या कॅमेऱ्यांनी टिपलं. एखादं लाजरं मूल गेलं नाही, तर श्रेय शैलीचं की स्वभावाचं?

दुसरी गोष्ट पाट्यांची. पालनशैलींची वर्गवारी डायना बॉमरिंड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६० च्या दशकात मांडली. ती अभ्यासासाठी होती, गळ्यात अडकवायला नव्हे. आपली 'श्यामची आई' आठवा. पोहायला घाबरणाऱ्या श्यामला ती शिंपटीने झोडपते, आणि त्याच श्यामच्या ओल्या पायांना माती लागू नये म्हणून स्वतःचं लुगडं धोंड्यावर पसरते. सांगा, या माउलीला कुठली पाटी लावायची?

तिसरी आणि मुख्य हरकत मुलांची. करारावर सही आईबापांची, पण रडणारा चेहरा दिसतो मुलाचा. ते मूल उद्या वीस वर्षांचं झालं तरी ती फीत असणारच.

कार्यक्रमाचं एक मात्र मान्य करतो. 'आमच्या वेळी असं नव्हतं' या वाक्यावर आपल्या घरातल्या चर्चा संपतात. त्या अनोळखी माणसाच्या भागानंतर आमच्या घरी तासभर बोलणं झालं. त्याच ओघात मी म्हणालो, "लोक आपल्या पोरांना असं चव्हाट्यावर कसं आणतात?"

सहावीतली लेक शांतपणे म्हणाली, "बाबा, तू पण आणतोस की. पॉटलकला."

लॉकडाऊन उठल्यावरच्या पहिल्याच पॉटलकला, सहा कुटुंबांसमोर, तिला सिलेक्टिव्ह स्कूल का मिळालं नाही याचं मी हसत हसत विवेचन केलं होतं: "हुशार आहे हो, पण आळशी." ती शेजारच्या खोलीतच होती. मला वाटलं होतं, मुलं खेळताहेत.

मी तिची माफी मागितली. ती "इट्स ओके" म्हणाली. ते ओके नव्हतं, हे कळायला मला टीव्हीवरच्या तज्ज्ञाची गरज नव्हती.

म्हणून माझी विनंती मालिकावाल्यांना नाही, तुम्हाला आणि मला आहे. यंदा गणपतीत मांडवात कुणाचं मूल भेटलं तर निकाल, रँक, ट्यूशन विचारू नका. आणि कुणी आपल्या मुलाचं विचारलं, तर "तिलाच विचारा" म्हणून मोदकाची ताटली पुढे करा.