सेवा घडली, पण कोणाकडून?

‘टाळेबंदीने कुटुंबे जवळ आणली, ज्येष्ठांची सेवा घडली’ हे पत्र वाचले. घडली खरी, पण ती करणारे हात कोणाचे, हे लेखकाने सांगितलेले नाही.

मार्च 2020 मध्ये लोकल थांबल्या, सोसायट्यांची फाटके बंद झाली आणि अंथरुणाला खिळलेल्यांना अंघोळ घालणाऱ्या मावशी बाहेरच राहिल्या. एप्रिलमध्ये केंद्राने घरी येऊन वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्यांना मुभा दिली. कित्येक सोसायट्यांच्या समित्यांनी ती मानलीच नाही. मग डायपर बदलणे, कूस वळवून पाठ पुसणे, रात्री दोनचे औषध आणि सकाळी नऊला लॅपटॉपवर हजेरी, हे सगळे बहुधा सुनेच्या किंवा मुलीच्या वाट्याला आले. परगावचे भाऊ व्हिडिओ कॉलवर सूचना देत होते, तीही सेवाच म्हणायची!

2007च्या कायद्याने आईवडिलांचा सांभाळ मुलांवर बंधनकारक केला. सांभाळणाऱ्याला रजा मात्र त्यात नाही. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना 730 दिवसांची संगोपन रजा मिळते, ती मुलांसाठी. सासऱ्यांच्या पक्षाघाताला ती चालत नाही. खासगी नोकरीत तर बोलायलाच नको. पत्रलेखकांनी पुढचे पत्र घरातल्या सुनेकडून लिहून घ्यावे, ही विनंती.

– एक वाचक, डोंबिवली