ऑफरोड गाडीचा हिशेब : पेडण्याची वाळू आणि डिचोलीचा चिखल

गाडी बदलायची ठरली की आपल्याकडे पहिला प्रश्न विचारला जातो तो कंपनीचा. 'मारुती सोडून महिंद्रा घ्यावी काय?' किंवा 'थार विकून जिमनी घेतली तर पस्तावू काय?' पेडण्यात, डिचोलीत, साखळीच्या बाजारात अशी चर्चा आता नेहमीची झाली आहे. २२ सप्टेंबर २०२५ रोजी वस्तू व सेवा कराचे नवे दर लागू झाल्यापासून तिला अधिकच जोर आला. कालपर्यंत हॅचबॅक चालवणारी कुटुंबे उंच, चौकोनी, जीपच्या वळणाच्या गाड्यांकडे वळताना दिसतात. मात्र या चर्चेत कंपनीच्या नावाला जेवढे महत्त्व मिळते, त्याच्या निम्मेही व्हेरियंटला मिळत नाही. वास्तविक ऑफरोड गाडीच्या बाबतीत निर्णयाचा गाभा तिथेच आहे. एकाच नावाच्या, एकाच चेहऱ्याच्या दोन गाड्यांपैकी एक डोंगराची वाट चढते आणि दुसरी पहिल्याच ओल्या चढणीवर चाक फिरवत उभी राहते, असे घडू शकते. फरक असतो तो गाडीखाली, आणि तो दिव्यांत किंवा पडद्यावर दिसत नाही.

करातली विसंगती

आधी कराचे गणित पाहू. नव्या रचनेत चार मीटरपेक्षा लांब नसलेल्या मोटारींना, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल इंजिन १५०० सीसीपर्यंत असेल तर १८ टक्के कर आहे. ही मर्यादा ओलांडणाऱ्या पेट्रोल-डिझेल मोटारींना ४० टक्के. कागदावर हे विभाजन सोपे दिसते, पण ऑफरोड गाड्यांना ते लावले की चित्र उलटे होते.

तीन दारांच्या थारचे १.५ लिटर डिझेल इंजिन १४९७ सीसीचे आहे आणि गाडी चार मीटरच्या आत बसते. त्यामुळे तिच्यावरचा ३१ टक्क्यांचा भार १८ टक्क्यांवर आला. परंतु हे इंजिन केवळ मागच्या दोन चाकांना जोर देणाऱ्या व्हेरियंटमध्येच मिळते. चारही चाकांची थार हवी असेल तर मोठे इंजिन घ्यावे लागते आणि ४० टक्के भरावे लागतात. मारुतीची जिमनी लांबीने ३९८५ मिलिमीटर, वजनाने सुमारे १२०० किलो, म्हणजे या वर्गातली सर्वांत हलकी गाडी. तिचे पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचे असल्याने तिलाही ४० टक्केच लागतात.

म्हणजे ऑफरोड दिसणारी पण ऑफरोड नसलेली गाडी स्वस्त झाली आणि खरोखर चिखलातून बाहेर येऊ शकणारी गाडी वरच्या टप्प्यातच राहिली. हा कुणाचा डाव नव्हे. इंजिनाच्या आकारावर कर बेतला की असे होते. पण ग्राहकाच्या निवडीवर त्याचा परिणाम होतो. शोरूममध्ये उभ्या असलेल्या माणसाला दोन सारख्याच दिसणाऱ्या गाड्यांतील काही लाखांचे अंतर दिसते आणि तो स्वाभाविकपणे कमी किमतीची उचलतो. ती चूकच आहे असे नाही. आपण काय घेतले आणि काय घेतले नाही, हे त्याला ठाऊक असले पाहिजे, एवढेच.

कोणत्या नावात काय मिळते

ऑफरोड क्षमतेचे तीन आधार आहेत. पहिला, चारही चाकांना जोर. दुसरा, लो रेंज. म्हणजे वेग कमी करून चाकाला जास्त ताकद देणारी गिअरची दुसरी जोडी. तिसरा, एक चाक हवेत किंवा चिखलात मोकळे फिरू लागले तर दुसऱ्या चाकाकडे जोर वळवण्याची सोय. ती डिफरन्शियल लॉकने होते किंवा मोकळ्या चाकाला आपोआप ब्रेक लावून. जमिनीपासूनची उंची आणि टायर त्यानंतर येतात.

या कसोटीवर कंपन्यांची धोरणे एकमेकांहून फार वेगळी आहेत. जिमनी जून २०२३ मध्ये झेटा आणि अल्फा या दोन व्हेरियंटमध्ये आली. त्या वेळी झेटाची आरंभीची किंमत १२.७४ लाख आणि अल्फाची १३.६९ लाख रुपये होती. दोन्हींत इंजिन तेच, चारचाकी जोर तोच, लो रेंज तीच, एअरबॅगही सहाच. अल्फाला मिळतात ते अलॉय व्हील, एलईडी दिवे, मोठा पडदा, क्रूझ कंट्रोल. त्यामुळे जिमनीत खालचे व्हेरियंट घेणाऱ्याचे डोंगरावर काहीही अडत नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या पाच दारांच्या थार रॉक्सचे तसे नाही. आरंभी १२.९९ लाखांचा आकडा जाहीर झाला, तो पेट्रोलवरच्या मागील चाकांच्या व्हेरियंटचा होता. फोर बाय फोर केवळ डिझेलमध्ये आणि तेही एमएक्स५, एएक्स५एल व एएक्स७एल या वरच्या व्हेरियंटमध्ये. त्याची सुरुवात १८.७९ लाखांपासून झाली. एमएक्स५ डिझेल मॅन्युअल मागील चाकांवर १६.९९ लाखांना होती. म्हणजे इतर सर्व तेच ठेवून चारचाकी जोराची किंमत १.८० लाख. आणखी एक बाब सहसा कुणी सांगत नाही. सर्वांत महाग एएक्स७एलला १९ इंची चाके येतात, खालच्यांना १८ इंची. चाकाची रिम मोठी झाली की टायरची भिंत बुटकी होते आणि खडकाळ वाटेवर ती लवकर दुखावते. खाणीकडच्या रस्त्याला वरचे व्हेरियंट नेहमीच वरचढ ठरते असे नाही.

फोर्स गुरखाचा मार्ग तिसरा. चारही चाकांना जोर, पुढे आणि मागे डिफरन्शियल लॉक, २.६ लिटरचे डिझेल इंजिन, ७०० मिलिमीटर पाण्यातून जाण्याची क्षमता. हे सारे मूळ गाडीतच आहे. पण ऑटोमॅटिक गिअर नाही आणि एअरबॅग दोनच. ज्याला रोज पणजीला नोकरीला जायचे आहे, त्याने याचा विचार करावा.

आपली जमीन काय मागते

आता हे सारे आपल्या मातीवर ठेवून पाहू. डिचोलीचा पट्टा म्हणजे जांभ्याचे पठार, त्यावर लाल मातीचा थर आणि उतारावर काजूच्या बागायती. शिरगाव, मये, पिळगाव, लाटंबार्से या परिसरात पावसाळ्यात लाल माती साबणासारखी निसरडी होते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्यानंतर खाणी थांबल्या होत्या. लिलावानंतर डिचोलीचा पट्टा २०२४ मध्ये पुन्हा हलू लागला. वाहनांची ये-जा वाढली की कच्चे रस्ते खचतात, हे इथल्या माणसाला नव्याने सांगायला नको. अशा उतारावर केवळ मागच्या चाकांना जोर देणारी गाडी शेपूट फिरवते. बागायतीत खत न्यायचे आहे, मिरगानंतरही वर जावे लागते, अशा घराला लो रेंजची खरी गरज आहे.

पेडण्यात भूगोल दोन तोंडांचा आहे. हसापूर, चांदेल, इब्रामपूरकडे डोंगर आणि नदी. हरमल, मांद्रे, मोरजीकडे किनारा. मोपाचा विमानतळ ५ जानेवारी २०२३ पासून सुरू झाल्यावर धारगळ-वारखंड भागात चांगले रस्ते झाले. तिथून म्हापशाला जाणाऱ्या माणसाला फोर बाय फोर वर्षाकाठी क्वचितच लागेल. उलट कोरगाव किंवा पालये येथील जुन्या वाड्यांतल्या पाणंदींत रुंदीचा प्रश्न येतो. जिमनी १६४५ मिलिमीटर रुंद, तर रॉक्स १८७०. दोन चिऱ्यांच्या गडग्यांमधून समोरून बस आली म्हणजे हे सव्वादोनशे मिलिमीटर फार मोठे वाटतात.

म्हणून एक साधा हिशेब करावा. रॉक्समधला १.८० लाखांचा फरक पाच वर्षांवर पसरला तर वर्षाला ३६ हजार पडतात, कर्जाचे व्याज वेगळे. वर्षातून दहा दिवस चारही चाके लागत असतील तर दिवसाला ३६०० रुपये. शंभर दिवस लागत असतील तर ३६०. पहिल्या माणसाने मागील चाकांची गाडी घ्यावी किंवा साधी क्रॉसओव्हर पाहावी, आणि उरलेल्या पैशांत चांगले टायर व पूर्ण विमा घ्यावा. दुसऱ्याने पडद्याच्या आकारावर तडजोड करावी, पण लो रेंजवर नाही.

कंपनी बदलताना

हॅचबॅकवरून येणाऱ्याने लक्षात ठेवावे की त्याची जुनी गाडी पुढच्या चाकांनी ओढली जात होती. नवी गाडी मागून ढकलली जाते. ओल्या वळणावर तिची वागणूक निराळी असते आणि पहिला पाऊस हाच तिचा परीक्षेचा दिवस ठरतो. थार असो वा जिमनी, चारचाकी जोर कोरड्या डांबरावर लावायचा नसतो. पुढची व मागची चाके वळणावर वेगवेगळे अंतर कापतात. त्यांना एकत्र बांधले की ताण गिअरच्या यंत्रणेवर येतो. 'आहे तर वापरूया' म्हणून तो कायम लावून ठेवणारा मालक दुरुस्तीचे बिल स्वतःच ओढवून घेतो.

जुनी गाडी देऊन नवी घेताना एक्स्चेंज बोनसच्या आकड्याने भुलू नये. बोनस आणि जुन्या गाडीचा भाव वेगवेगळे लिहून घ्यावेत, बाहेरच्या बाजारात तिला किती मिळतात ते पाहावे. सर्व्हिस सेंटर म्हापशाला आहे की पणजीला, फोर बाय फोरचे काम तिथे होते की भाग मागवावे लागतात, याची विचारणा बुकिंगच्या आधी करावी. थारमध्ये व्हेरियंटनुसार मागच्या लॉकची सोय बदलते. हव्या त्या गाडीत नेमके काय येते ते कोटेशनवर लेखी घ्यावे. आणि चाचणी घ्यायचीच तर शोरूमसमोरच्या महामार्गावर न घेता चढणीच्या, खड्ड्यांच्या रस्त्यावर, घरातली वयस्क मंडळी मागे बसवून घ्यावी. तीनदारी गाडीत मागे चढताना आईचे गुडघे काय म्हणतात, हे माहितीपत्रकात छापलेले नसते.

सुरक्षेचे निकष उपलब्ध आहेत. तीनदारी थारला २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपचे चार तारे मिळाले, रॉक्सला नोव्हेंबर २०२४ मध्ये भारत एनकॅपचे पाच. पण मोठे टायर, उंच सस्पेन्शन, पुढे लोखंडी गार्ड बसवले की ती गाडी चाचणी झालेली गाडी राहत नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ रचनेत असा बदल करू देत नाही आणि अपघातानंतर विमा कंपनीला आक्षेप घ्यायला जागा मिळते. ज्याला जास्त क्षमता हवी त्याने ती कारखान्यातून आलेल्या व्हेरियंटमध्येच विकत घ्यावी.

पाणी आणि वाळू

दोन ठिकाणी मात्र कोणतेही व्हेरियंट कामाला येत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये तिळारीचे पाणी साळ, इब्रामपूर, चांदेल भागात शिरले, ते अनेकांच्या स्मरणात असेल. थारची पाण्यात जाण्याची मर्यादा ६५० मिलिमीटर सांगितली जाते. ती स्थिर पाण्याची आहे. वाहत्या पाण्याला सुमारे ६० सेंटिमीटर खोलीही बहुतेक मोटारी उचलून न्यायला पुरते. उंच गाडी अशा वेळी चालकाला खोटा धीर देते.

दुसरे ठिकाण किनारा. मोरजी आणि मांद्रे येथे ऑलिव्ह रिडले कासवे साधारण नोव्हेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत अंडी घालतात. अंडी वाळूखाली पुरलेली असतात आणि पिल्ले बाहेर यायला दीड-दोन महिने लागतात. वन खात्याने कुंपण घातलेली घरटी दिसतात. न सापडलेली दिसत नाहीत. दीड-दोन टनांची गाडी त्या वाळूवरून गेली की खाली काय झाले, हे चालकाला कळतही नाही. पर्यटन खात्याच्या ऑक्टोबर २०२२ च्या आदेशाने किनाऱ्यावर वाहन नेण्यास मनाई आहे. त्या आदेशात दंड ५ हजारांपासून ५० हजारांपर्यंत ठेवला होता. तरीही रुतलेल्या गाड्यांच्या चित्रफिती दरवर्षी येतात. त्यात भाड्याच्या गाड्या घेऊन आलेले पर्यटक असतात, हे खरे. पण गोव्याचा क्रमांक लावलेली खासगी गाडी तिथे दिसली, तर आपल्याला बोलायला तोंड उरत नाही.

इथे कराचा मुद्दा पुन्हा भेटतो. दोन चाकांची गाडी चार चाकांच्या वेषात स्वस्त मिळू लागली की तिचा मालक तिच्याकडून जाहिरातीतले पराक्रम अपेक्षू लागतो. रुततो तो बहुधा असा माणूस. त्याला बाहेर काढायला गावचा ट्रॅक्टर येतो, आणि वाळूची आणखी थोडी नासाडी होते.

चवथीच्या किंवा दसऱ्याच्या मुहूर्तावर बुकिंग करण्याआधी म्हणूनच घरात बसून एकदा कागदावर लिहावे : वर्षातून किती दिवस डांबर सोडून जावे लागते, कुठे जावे लागते, आणि मागच्या सीटवर कोण बसते. या तीन उत्तरांतून व्हेरियंट आपोआप पुढे येते. कंपनीचे नाव त्यानंतर ठरवले तरी चालते.