‘रंजक आहे का?’ या प्रश्नापलीकडचे आभासी अवकाश

‘ऑक्युलस रिफ्ट’ हे आभासी वास्तवाचे हेडसेट मार्च २०१६ मध्ये बाजारात आले, तेव्हा त्यासोबत ‘ॲड्रिफ्ट’ हा व्हिडिओ गेमही आला. त्याची नायिका आहे उद्ध्वस्त अवकाशस्थानकाची कमांडर. तिच्या पोशाखातून ऑक्सिजन गळतो आहे. ऑक्सिजनच्या नळकांड्या शोधत तिने स्थानकाच्या यंत्रणा पूर्ववत करायच्या आणि पृथ्वीवर परतायचे, असा हा खेळ. समीक्षकांनी त्यातील दृश्यांची मुक्तकंठाने स्तुती केली. मात्र तीच ती कामे कंटाळवाणी वाटतात आणि हेडसेट लावून खेळताना मळमळते, असे दोषही दाखवले. एकूण स्वागत संमिश्रच राहिले.

मनोरंजनाच्या निकषावर हा निवाडा योग्यच आहे. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने मात्र त्यावर थांबू नये. खेळाडूला मळमळते, कारण डोळे हालचाल पाहतात आणि अंतर्कर्णाला ती जाणवत नाही. भारहीन अवस्थेत अंतर्कर्णाला गुरुत्वाचा नेहमीचा संकेत मिळत नाही. पहिल्या काही दिवसांत बहुसंख्य अंतराळवीरांना होणाऱ्या त्रासामागेही ज्ञानेंद्रियांची अशीच विसंगती असल्याचे मानले जाते. कंटाळवाणेपणाचेही तसेच. खरा अवकाशसंचार म्हणजे तासन्‌तास चालणारे संथ, थकवणारे काम.

खेळातील खरी वैज्ञानिक चूक वेगळीच आहे. त्यात श्वासाचा ऑक्सिजनच पुढे सरकण्यासाठीही खर्च होतो. नासाच्या ‘सेफर’ या आपत्कालीन उपकरणात त्यासाठी नायट्रोजनचे झोत वापरतात; श्वसनाचा साठा स्वतंत्र असतो. जीवरक्षक साठा दुसऱ्या कामात गुंतवायचा नाही, हे अभियांत्रिकीचे शहाणपण खेळाने उत्कंठेसाठी बाजूला ठेवले.

हा भेद भिलाईसारख्या पोलादनगरीत केवळ पुस्तकी उरत नाही. १२ जून २०१४ रोजी भिलाई पोलाद कारखान्यात पाण्याच्या पंपगृहाजवळ वायुगळती होऊन सहा जणांचा मृत्यू झाला. त्या वायूत कार्बन मोनॉक्साइड होता. त्याला रंग नाही, वास नाही. हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट जोडला जातो. त्यामुळे भोवतालच्या हवेत ऑक्सिजन असूनही शरीर गुदमरते. ‘ॲड्रिफ्ट’मध्ये संकट येते, ते डोळ्यांसमोर उतरत जाणाऱ्या आकड्याच्या रूपाने. भट्टीजवळच्या माणसापुढे, गळ्यात वायुसूचक यंत्र नसेल, तर असा कोणताही आकडा नसतो.

आभासी वास्तव आता प्रशिक्षणाचेही साधन आहे. नासाचे अंतराळवीर ‘सेफर’चा सराव ह्यूस्टन येथे याच तंत्राने करतात. अशा साधनाची समीक्षा केवळ ‘रंजक आहे का?’ या प्रश्नाने पुरी होत नाही. ते कोणती सवय लावते आणि ती प्रत्यक्ष संकटात तारेल की घात करेल, हेही तपासावे लागते. गेमला उत्कंठेसाठी भौतिकशास्त्राला मुरड घालण्याची मुभा जरूर असावी. प्रशिक्षणाला ती देता येणार नाही.

भिलाईच्या आयआयटीचे वर्ग सुरू झाले, तेही २०१६ मध्येच. तेथे शिकणाऱ्यांपैकी काही जण उद्या अशी आभासी जगे घडवतील. त्यांच्या रचनेला पहिला प्रश्न भट्टीवर पाळी करणाऱ्या कामगाराने विचारावा: ‘यात धोका दिसतो तसाच आमच्याकडेही दिसतो का?’