टेराकोटा: आधी उजेड, मग शेड कार्ड

दिवाळीआधी रंगवलेल्या टेराकोटा भिंतीबद्दल एक तक्रार आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल: ‘फोटोत होता तसा रंग आलाच नाही.’ शेड नंबर बरोबर, पेंटरचा हात चांगला, तरी भिंत मातकट दिसते. अशा वेळी दोष बहुधा खोलीतल्या उजेडाचा असतो आणि तो पाहणे आपले काम होते.

या रंगाचे तांबडेपण मुळात लोहाच्या ऑक्साइडचे. ते निळा-हिरवा प्रकाश शोषून घेते आणि तांबडा-नारिंगी परत देते. 6500 केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबच्या उजेडात निळा भरपूर, तांबडा कमी. मग भिंतीने परत द्यायचे काय? त्याच भिंतीसमोर 2700 किंवा 3000 केल्विनचा दिवा लावला की ती खुलते. शिवाय पांढरी भिंत पडलेल्या उजेडातला 80 टक्क्यांच्या आसपास भाग परत फेकते, भरदार टेराकोटा जेमतेम पाव हिस्सा. चारही भिंती या रंगात घ्यायच्या तर दिव्यांचा आराखडाही नव्याने करावा लागतो.

म्हणून शेड कार्डावरच्या बोटभर तुकड्यावर निर्णय नको. दोन फुटी प्लायवर रंगाचे दोन हात मारून तो फरशीला टेकवून उभा करा. सकाळी, भर दुपारी आणि रात्री घरातल्याच दिव्यांत ग्राहकाला दाखवा. फरशीला टेकवायचा, कारण शहाबादी किंवा हिरवट कोटा या रंगाला छान तोलून धरते. गुलाबी झाकेच्या टाइल्सपाशी तोच रंग गढूळ होतो.

टीव्हीमागची एकच ‘हायलाइट वॉल’ टेराकोटा करण्याची सवय मला पटत नाही. निम्मी भिंत युनिटमागे जाते आणि उरलेली खोलीशी फटकून राहते. आपल्याकडच्या जुन्या घरांत वर चुना आणि खाली गेरूचा पट्टा असे. उडालेला चिखल, पाठ टेकल्याचे डाग गेरूत मुरून जात आणि वरचा चुना उजेड खेळता ठेवी. कोकण-गोव्यातल्या कावीकामातही तांबडा थर खरवडून खालचा पांढरा चुना उघडा करतात. तांबड्याला पांढऱ्याची सोबत लागतेच. जेवणाच्या टेबलाशी किंवा अरुंद पॅसेजमध्ये कमरेइतका पट्टा आजही फार चांगला दिसतो.

आता मालाविषयी. लोह ऑक्साइड उन्हाला आणि सिमेंट-चुन्याच्या क्षाराला दाद देत नाही. नारिंगीकडे झुकणाऱ्या उजळ शेड मात्र मशीनवर पुष्कळदा सेंद्रिय रंगद्रव्यांतून जुळवल्या जातात. त्यांतली काही उन्हाच्या बाल्कनीत विटतात, शिवाय त्यांची झाकण्याची ताकद कमी, म्हणून दोन हातांनंतरही पुट्टी डोकावते. डीलरला टिंटिंगचा फॉर्म्युला विचारा. प्रायमर त्याच रंगछटेत टिंट करून घ्या, किंवा तिसरा हात एस्टिमेटमध्ये आधीच लिहा. ओल असलेल्या भिंतीला हा रंग लावूच नका. पांढऱ्यावर खपून जाणारा खार इथे दारातून दिसतो.

मॅट टेराकोटावर टच-अप लपत नाही. पडद्याचा रॉड हलवला आणि जुनी भोके बुजवली, तरी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत पुन्हा मारावी लागते. यासाठी सगळे डबे एकत्र मिसळूनच काम सुरू करावे, आणि शेड कोड व बॅच नंबर लिहिलेला लिटरभर रंग ग्राहकाच्या माळ्यावर ठेवून यावे.