निबंध कोठे ठेवले आहेत?

कला शाखेच्या विद्यार्थ्याने सर्व्हरच्या व्यवस्थेविषयी लिहावे, हे काहींना आगाऊपणाचे वाटेल. परंतु आपले निबंध, प्रकल्प आणि अंतर्गत गुण आता स्टाफरूमच्या कपाटात नसतात. ते 'मूडल' या प्रणालीत, म्हणजे कुठल्यातरी लिनक्स सर्व्हरवर असतात. ते तेथे नेमके कोठे ठेवले आहेत, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मार्टिन डुगियामास यांनी ऑस्ट्रेलियात घडविलेल्या मूडलची पहिली आवृत्ती २००२ साली आली. तिच्यात प्रोग्राम निराळा आणि आपण चढविलेल्या फाइलींची 'मूडलडेटा' ही डिरेक्टरी निराळी. प्रोग्राम केव्हाही पुन्हा फुकट उतरवून घेता येतो. आपला निबंध मात्र जगात दुसरीकडे कोठेही मिळत नाही. ही डिरेक्टरी ब्राउझरमधून थेट उघडता येईल अशा जागी ठेवू नये, असे मूडलचे कर्ते बजावून सांगतात. तरीही दोन्ही एकाच फोल्डरात कोंबणारे महाभाग आहेतच. एक फोल्डर उचलला की काम झाले, हा त्यांचा युक्तिवाद. सर्व्हर बदलताना तो खराही ठरतो. पण नवी आवृत्ती बसविताना जुना प्रोग्राम काढून टाकला, की त्याच्या पोटातले निबंधही जातात. माझ्या माहितीच्या एका महाविद्यालयात असेच दोन वर्षांचे प्रकल्प गेले, आणि 'पुन्हा सादर करावेत' अशी सूचना फलकावर लागली. चूक कोणाची आणि शिक्षा कोणाला!

वस्तुतः लिनक्सच्या मंडळींनी १९९४ सालीच फाइलींच्या मांडणीचा दंडक घालून दिला होता. न बदलणारे ते 'यूएसआर'मध्ये, सतत बदलणारे ते 'व्हार'मध्ये आणि सेटिंग्ज 'इटीसी'मध्ये. (हे 'इटीसी' म्हणजे आपले 'इत्यादी'च. सर्वांत महत्त्वाच्या गोष्टी 'इत्यादी'त टाकण्याची रीत केवळ साहित्याच्या इतिहासकारांचीच नाही तर!) वेब-सर्व्हरला लिहिण्याची मुभा फक्त डेटाच्या डिरेक्टरीत असावी, प्रोग्रामात नसावी. परवानगीच्या कटकटीला कंटाळून सरसकट '७७७' देणे म्हणजे वाड्याच्या सगळ्या किल्ल्या दिंडीदरवाज्यावर टांगणे होय.

आता प्रतींविषयी. 'आम्ही डेटाची कॉपी घेतो', एवढ्यावर समाधान मानू नये. २०१० सालच्या दुसऱ्या आवृत्तीपासून मूडल प्रत्येक फाइलीला तिच्या मजकुरावरून काढलेले चाळीस अक्षर-अंकांचे नाव देते. मूळ नाव आणि ती फाइल कोणाची, ही नोंद डेटाबेसमध्ये असते. म्हणजे डेटाबेस गेला तर निबंध उरतात, लेखक हरवतात. आणि डिरेक्टरी गेली तर नुसती नावे उरतात. (दोघांनी हुबेहूब एकच फाइल सादर केली तर मूडल ती एकदाच साठवते. कॉपीबहाद्दरांनी याची नोंद घ्यावी.) दोहोंची प्रत एकाच वेळची हवी, आणि ती दुसऱ्या यंत्रावर हवी.

माझी मागणी साधी आहे. पुढील सत्र सुरू होण्यापूर्वी संगणक विभागाने अशा प्रतीतून एक निबंध, लेखकाच्या नावासह, सर्वांसमक्ष परत काढून दाखवावा. माझा तुकारामांवरील गेल्या वर्षीचा निबंध त्यासाठी खुशाल वापरावा.