विश्लेषण : रायगड फुगतोय, मग महाड-पोलादपूर का आटतेय?

विमानतळ, सागरी सेतू आणि ‘तिसरी मुंबई’ यांमुळे रायगड हा राज्यातील वेगाने वाढणारा जिल्हा म्हणून ओळखला जातो. पण याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला दोन तालुक्यांत माणसे कमी होत आहेत. येत्या जनगणनेआधी हा हिशेब समजून घ्यायला हवा.

रायगडच्या बातम्या सध्या एकाच दिशेने येतात. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचे उद्घाटन झाले. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून तिथून विमाने उडू लागली. उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतील १२४ गावांत नवे शहर वसवण्याची तयारी सुरू आहे. पनवेल परिसरातील घरांच्या जाहिराती तुमच्या मोबाइलवर रोज येत असतील.

हे सगळे खरे आहे. पण पनवेलहून मुंबई-गोवा महामार्गाने दक्षिणेला निघा. साधारण सव्वाशे किलोमीटरवर महाड लागते, त्यापुढे पोलादपूर. जिल्हा तोच, जिल्हाधिकारी तेच. लोकसंख्येचा हिशेब मात्र उलटा.

आकडे काय सांगतात?

२००१ मध्ये रायगडची लोकसंख्या २२,०७,९२९ होती. २०११ मध्ये ती २६,३४,२०० झाली, म्हणजे दहा वर्षांत सुमारे १९ टक्के वाढ. ‘रायगड वाढतोय’ हे वाक्य इथून येते.

आता तालुके वेगळे करून पाहू. पनवेल तालुका ४,२२,५२२ वरून ७,५०,२३६ वर गेला, म्हणजे सुमारे ७८ टक्के वाढ. महाड तालुका १,८६,५२१ वरून १,८०,१९१ वर आला. पोलादपूर तर ५४,३०१ वरून ४५,४६४ वर घसरला. दहा वर्षांत पोलादपूरने दर सहा माणसांमागे जवळपास एक माणूस गमावला.

संपूर्ण जिल्ह्यात जी ४ लाख २६ हजारांची भर पडली, त्यातली ३ लाख २७ हजारांची एकट्या पनवेल तालुक्यातली आहे. म्हणजे चारातले तीन हिस्से. पंधरापैकी सहा तालुक्यांत लोकसंख्या घटली : सुधागड, तळा, श्रीवर्धन, म्हसळा, महाड आणि पोलादपूर. त्यांत टक्केवारीने सर्वांत मोठी घसरण पोलादपूरची.

शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या त्याच दशकात सुमारे ४.८ टक्क्यांनी घटली, तेव्हा त्याची राज्यभर चर्चा झाली. महाड आणि पोलादपूर एकत्र धरले तर घट ६.३ टक्के भरते, म्हणजे रत्नागिरीपेक्षा जास्त. तिची चर्चा झाली नाही, कारण ती पनवेलच्या वाढीखाली झाकली गेली.

माणसे गेली कुठे?

या भागातील माणूस मुंबईला जाणे नवीन नाही. पावसाच्या पाण्यावर भाताचे एक पीक, डोंगरउतारावर नाचणी-वरी आणि पाऊस सरला की रिकामे हात. पोलादपूरच्या वाड्या सह्याद्रीच्या कुशीत विखुरलेल्या, सपाट जमीन थोडी. त्यामुळे गिरण्यांच्या काळापासून घरातला एक तरी मुंबईत असायचाच. महाडजवळच्या एका गावाने इतके सैनिक दिले, की त्याचे नावच फौजी आंबवडे पडले. सावित्रीच्या खाडीपट्ट्यातील मुस्लिम कुटुंबांतले तरुण आखाती देशांत गेले.

फरक पडला तो जाण्याच्या पद्धतीत. गिरणी कामगार एकटा जायचा आणि चाळीतल्या गाववाल्यांच्या खोलीत राहायचा. बायको-मुले गावी, शेती चालू, मुलांची नावे गावच्या शाळेत. नंतर कुटुंबेच्या कुटुंबे नालासोपारा, दिवा, डोंबिवली, पनवेलकडे सरकली. मनिऑर्डर जायची तेव्हा गावात माणसे होती. आता घरावर नवा पत्रा किंवा स्लॅब दिसतो, दाराला मात्र कुलूप असते.

म्हणजे पनवेलची वाढ आणि पोलादपूरची घट या पूर्णपणे वेगळ्या गोष्टी नाहीत. उपनगर वाढते तेव्हा कुठले तरी गाव कमी होत असते. इथे दोन्ही टोके एकाच जिल्ह्यात आहेत, एवढेच.

एमआयडीसी आहे, मग नोकऱ्या नाहीत का?

हा प्रश्न रास्त आहे. महाडला बिरवाडी परिसरात मोठी औद्योगिक वसाहत आहे. रसायने, रंगद्रव्ये, औषधे बनवणारे नावाजलेले कारखाने तिथे आहेत. १९९३ पासून वीर स्थानकापर्यंत कोकण रेल्वे आली, महामार्ग दारातून जातो.

पण उद्योग कोणता, यावर नोकऱ्या ठरतात. अभियांत्रिकी शिकलेल्या कुणालाही हे ठाऊक असते : रसायनांच्या अखंड चालणाऱ्या प्रक्रियेत पैसा यंत्रांत, टाक्यांत आणि नियंत्रण कक्षात जातो. एका पाळीला थोडे ऑपरेटर, थोडे तंत्रज्ञ पुरतात. कोट्यवधींची गुंतवणूक आणि हजारो नोकऱ्या यांचे नाते कापड गिरणीत होते, तसे रसायन कारखान्यात नसते. उरलेली भरणे-उतरणे, साफसफाई, पॅकिंगची कामे बहुतेक कंत्राटी. ती करायला परराज्यांतील मजूर येतात, कारण त्या पगारात कुटुंब घेऊन राहणे स्थानिक तरुणाला परवडत नाही आणि मुंबईत त्याला अधिक मिळते.

दुसरी बाजू सुरक्षिततेची. नोव्हेंबर २०२३ मध्ये इथल्या एका औषध कारखान्यात स्फोट होऊन आग लागली आणि कामगारांचे जीव गेले. सांडपाण्याचा प्रश्न सावित्रीकाठच्या मच्छीमारांना विचारावा. कारखान्याचा धोका आणि घाण गावाच्या वाट्याला, पगाराचा मोठा भाग बाहेर, असा हा व्यवहार झाला आहे.

महाड शहर मात्र थोडे वाढले : २००१ मधील सुमारे २४ हजारांवरून २०११ मध्ये साडेसत्तावीस हजारांवर. दवाखाना, शाळा, बाजारपेठ यांसाठी आजूबाजूच्या वाड्यांतील ज्यांना जमते ते शहरात येतात. तालुका घटला आणि शहर वाढले, याचा अर्थ खेड्यांची घट दिसते त्याहून जास्त आहे.

आपत्तींचा वाटा किती?

जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन इथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावावर डोंगर आला आणि ८० हून अधिक माणसे गेली. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथेही दरडी कोसळल्या आणि महाडची बाजारपेठ पुराच्या पाण्याखाली होती. मध्ये २ ऑगस्ट २०१६ ला सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला, २४ ऑगस्ट २०२० ला शहरातील तारिक गार्डन इमारत कोसळून १६ जणांचा बळी गेला.

आपत्तीमुळे किती लोक कायमचे गेले, याचा आकडा काढणे कठीण आहे. पण मुंबईत राहणारा मुलगा म्हाताऱ्या आईला ‘आता पावसाळ्यात तरी इकडेच ये’ म्हणतो, त्यामागे हीच यादी असते. आणि पावसाळ्यात आई गेली, की भातही लावले जात नाही.

आकडे घटले तर बिघडते काय?

सरकारी सोयी माणशी मोजून दिल्या जातात. सपाट भागात ३० हजार आणि डोंगरी भागात २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हा निकष आहे. ग्रामीण रुग्णालयासाठी डोंगरी भागातही ८० हजार लोकसंख्या धरली जाते. ४५ हजारांचा पोलादपूर त्या हिशेबात निम्म्यावर थांबतो. पण कशेडी आणि आंबेनळी हे दोन घाट याच तालुक्यात आहेत. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात बस कोसळून ३० जण गेले, ते दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे कर्मचारी होते. महामार्गावरून जाणारा माणूस पोलादपूरच्या लोकसंख्येत मोजला जात नाही. जखमी झाला तर मात्र त्याला आधी जवळच्याच रुग्णालयात न्यावे लागते.

शाळांचे तसेच. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचे काय करायचे, हा वाद राज्यात काही वर्षे सुरू आहे. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या शासन निर्णयावरून शिक्षक आणि पालक रस्त्यावर आले, ते याच कारणाने. शिक्षण हक्काच्या नियमांनुसार पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. कागदावरचा एक किलोमीटर आणि ओढा ओलांडून चढायचा एक किलोमीटर यांत फरक असतो. शाळा गेली की उरलेले तरुण जोडपेही मुलांसाठी शहर गाठते आणि पुढच्या वर्षी पट आणखी घटतो.

एसटीचे उदाहरण सर्वांत सोपे. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना २०२२ पासून मोफत प्रवास आहे, महिलांना २०२३ पासून निम्मे तिकीट. पण प्रवासी कमी म्हणून वाडीची फेरीच बंद झाली, तर या सवलतीचा उपयोग कुणाला?

मग २०२७ च्या जनगणनेत काय होणार?

२०२१ ची जनगणना करोनामुळे लांबली. नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे, प्रत्यक्ष गणना फेब्रुवारीत. हा काळ या दोन तालुक्यांसाठी सर्वांत रिकामा. शिमगा त्यानंतर तीन आठवड्यांनी आहे, चवदार तळ्याच्या सत्याग्रहाची शताब्दी २० मार्चला. घरे उघडतील, महाडला गर्दी लोटेल, पण तोवर मोजणी संपलेली असेल. विधानसभा आणि लोकसभेच्या मतदारसंघांची पुढची फेररचना याच आकड्यांवर होईल, असे सध्याच्या घटनात्मक तरतुदींवरून दिसते. सात आमदारांच्या या जिल्ह्यात वजन आणखी उत्तरेला सरकू शकते.

यावर एक उपाय गावोगावी सुचवला जातो : मुंबईकरांची नावेही गावातच लावा. तो चुकीचा आहे. एक माणूस दोन ठिकाणी मोजला तर आकडा खोटा होतो आणि डोंबिवलीत त्याला लागणारे पाणी-रस्तेही त्याच्या हिशेबातून जातात. माणूस राहतो तिथेच मोजला गेला पाहिजे. बदलायला हवी ती मोजणीनंतरची फूटपट्टी.

फूटपट्टी बदलायची म्हणजे काय करायचे?

पहिली गोष्ट, डोंगरी तालुक्यांत शाळा, उपकेंद्र आणि एसटी यांचे निकष डोक्यांऐवजी वेळेवर ठरावेत. सर्वांत दूरच्या वाडीतून दवाखान्यात पोहोचायला पावसाळ्यात किती मिनिटे लागतात, हे मोजता येते. नकाशा आणि मोबाइल दोन्ही हाताशी आहेत.

दुसरी, जिल्हा नियोजनात तालुकानिहाय आकडे पुढे ठेवावेत. दरडोई उत्पन्नात रायगड राज्यातल्या वरच्या जिल्ह्यांत आहे, हे वाक्य पोलादपूरच्या निधीआड येऊ नये.

तिसरी, महाडच्या कारखान्यांना जमीन-पाणी देताना स्थानिक आयटीआय आणि तंत्रनिकेतनांशी जोडलेली कायम भरती ही अट असावी आणि तिचा हिशेब दरवर्षी जाहीर व्हावा. रायगड किल्ला जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. त्याचा पैसाही पायथ्याच्या वाड्यांत थांबला, तर काही घरांची कुलपे निघतील.

‘जिथे माणसेच नाहीत तिथे खर्च कशाला?’ असा आक्षेप येईल. त्यात तथ्य आहे : सरकारने स्थलांतर रोखू नये आणि ते रोखताही येणार नाही. पोलादपूरचा मुलगा पनवेलला जाऊन चांगला कमावत असेल तर ते चांगलेच आहे. पण मागे राहिलेली माणसे बहुतेक वयस्कर आहेत, त्यांना सोयी कमी नव्हे, जास्त लागतात. शिवाय २०२० च्या टाळेबंदीत मुंबईचा रोजगार थांबला, तेव्हा हजारो चाकरमानी याच ‘रिकाम्या’ गावांकडे परतले होते. गाव हा त्यांचा विमा होता आणि त्याचा हप्ता गावात राहिलेल्यांनीच भरला होता.

नव्या जनगणनेचे आकडे येतील, तेव्हा रायगडची एकूण बेरीज बहुधा पुन्हा मोठी दिसेल आणि तिचा मथळाही होईल. तो वाचून झाला की तालुक्यांचा तक्ता उघडा आणि पोलादपूरची ओळ शोधा. तिथल्या शाळा, दवाखाने आणि एसटीच्या फेऱ्यांचे पुढच्या दहा वर्षांत काय होणार, ते त्या ओळीवरून ठरेल.